व्हायरल लोड अनडिटेक्टेबल आहे, मग पिशवीच्या तोंडाची तपासणी कशाला? एचआयव्ही असलेल्या बायकांसाठी सगळं पायरीपायरीने

एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या गोळ्या, नीट चालू असलेल्या बायकांना पिशवीच्या म्हणजे गर्भाशयाच्या तोंडाच्या तपासणीबद्दल विचारलं की बहुतेक वेळा एकच उत्तर येतं, अहो माझा व्हायरल लोड अनडिटेक्टेबल आहे, सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) मस्त आहे, दर वेळी रक्त देते, सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात, आता अजून वेगळं काय तपासायचं. आणि त्यांचं चुकतंय असंही नाही, कारण त्यांना कुणी कधी नीट सांगितलेलंच नसतं. तर आधी एवढं डोक्यात पक्कं करा की व्हायरल लोडचा रिपोर्ट, म्हणजे रक्तात एचआयव्ही किती आहे ते, फक्त एचआयव्हीबद्दल बोलतो. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होतो तो एचपीव्ही नावाच्या दुसऱ्याच व्हायरसमुळे, तो रक्तात सापडत नाही, तो पिशवीच्या तोंडाच्या त्वचेत बसून असतो. त्यामुळे एआरटीसाठी तुम्ही कितीही वेळा रक्त दिलं तरी पिशवीच्या तोंडाला काय झालंय हे त्यातून कळणार नाही. त्यासाठी तिथलंच सॅम्पल घ्यावं लागतं किंवा तिथेच बघावं लागतं, दुसरा रस्ता नाही.

आधी धोका नेमका कसा आहे ते

एचपीव्ही भयंकर कॉमन आहे. शरीरसंबंध आलेल्या बहुतेक सगळ्या बाया-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी तो होतोच, आणि बहुतेकांच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप निघूनही जातो, कळतही नाही. एचआयव्ही असेल तर प्रतिकारशक्तीला हे काम तितकं जमत नाही, व्हायरस ठाण मांडून बसतो, आणि असा वर्षानुवर्षं टिकून राहिलेला एचपीव्हीच पुढे पेशी बिघडवतो. सगळे प्रकार धोक्याचे नसतात, १६ आणि १८ नंबरचे दोन प्रकार सगळ्यात वाईट, जगभरातल्या या कॅन्सरच्या साधारण ७० टक्के केसेस या दोघांमुळे होतात.

जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा असा की एचआयव्ही असलेल्या बाईला हा कॅन्सर होण्याचा धोका एचआयव्ही नसलेल्या बाईच्या ६ पट. वेगही जास्त. प्रतिकारशक्ती चांगली असेल तर एचपीव्हीपासून कॅन्सरपर्यंत जायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात, उपचार न घेतलेल्या एचआयव्हीमध्ये हेच ५ ते १० वर्षांत होऊ शकतं. १९९३ पासून तर हा कॅन्सर एड्सची अवस्था ठरवणाऱ्या आजारांच्या यादीत आहे. एआरटी वेळेवर चालू झाली आणि नियमित राहिली तर धोका कमी होतो हे खरं, पण शून्य होत नाही, आणि औषधं चालू व्हायच्या आधी ज्यांचा सीडी४ खूप खाली गेला होता त्यांनी तर जास्तच लक्ष द्यायचं.

आता चांगली बाजू. ५ वर्षं म्हटलं तरी तो मोठा काळ आहे, कॅन्सर व्हायच्या आधीची जी पायरी असते ती दिसते, सापडते, आणि छोट्याशा उपचाराने तिथेच थांबवता येते, बऱ्याचदा ॲडमिट न होता. फार थोड्या कॅन्सरच्या बाबतीत असं म्हणता येतं. म्हणून तर एवढं मागे लागायचं.

कधी सुरू करायची, किती दिवसांनी करायची

बाकीच्या बायकांसाठी वय ३० सांगतात, एचआयव्ही असेल तर २५. हे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या गाइडलाइनमधलं आहे, काही देशांत याहून आधी, २१ पासूनही करतात, तर तुमच्या डॉक्टरांनी आधी सांगितली तर वाद घालू नका. एचपीव्हीची टेस्ट केली आणि ती निगेटिव्ह आली तर पुढची ३ ते ५ वर्षांनी. एचपीव्हीची सोय नसेल आणि पॅप किंवा व्हीआयए (या दोन्ही टेस्ट खाली समजावल्यात) होत असेल तर दर ३ वर्षांनी. ५० नंतर लागोपाठ दोन टेस्ट निगेटिव्ह आल्या तर थांबता येतं. पण ५० पार झालं आणि आजपर्यंत एकदाही केलेली नाही, तर आता काय उपयोग असं म्हणून सोडायचं नाही, तुमचीच आधी व्हायला पाहिजे.

यात कुणाकुणाला वाटतं आपण यात बसत नाही, ते एकेक बघू. नवरा जाऊन दहा वर्षं झाली, तेव्हापासून कुणाशी संबंध नाही, अशा बायका हमखास म्हणतात मला कशाला. एचपीव्ही वर्षानुवर्षं गुपचूप राहतो, दहा वर्षांपूर्वीचाही आज काम करत असू शकतो, त्यामुळे तपासणी करायचीच. मुलं बंद व्हायचं ऑपरेशन झालंय? त्यात फक्त नळ्या बंद करतात, पिशवीचं तोंड जागच्या जागी असतं, करायची. पाळी बंद झाली? करायची. एचपीव्हीची लस घेतलीय? तरी करायची. बाईचे संबंध बाईशीच असतील तरी करायची. पिशवी काढलीय म्हणाल तर डिस्चार्ज कार्ड काढून बघा किंवा डॉक्टरांना दाखवा, कारण कधीकधी पिशवी काढतात आणि तोंड ठेवतात, मग तपासणी लागते. आणि पिशवी कॅन्सरपूर्व बदलांमुळेच काढली असेल तर तोंड नसलं तरी पुढे लक्ष ठेवावं लागतं. ज्यांचे आजवर कधीच संबंध आले नाहीत त्यांनी मात्र डॉक्टरांशी बोलून ठरवा, त्यांचा धोका खूपच कमी असतो.

मागायची कशी

कुणी आपणहून बोलावेल याची वाट बघत बसलात तर वर्षं जातील, कारण एआरटी सेंटर एकीकडे आणि ही तपासणी करणारे दुसरीकडे असं बऱ्याच ठिकाणी असतं, आणि दोघांनाही वाटतं की दुसऱ्याने सांगितलं असेल. पुढच्या वेळी गोळ्या घ्यायला जाल तेव्हा सरळ विचारा, मॅडम माझी गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी कधी झालीय हे माझ्या कार्डवर लिहिलंय का, नसेल तर कुठे करायची ते लिहून द्या. एवढंच वाक्य. लिहून द्या म्हटलं की समोरच्यालाही ते काम मनावर घ्यावं लागतं.

जिथे तपासणी होणार तिथे चार गोष्टी विचारून घ्या: कुठली टेस्ट करणार, रिपोर्ट कधी मिळणार, रिपोर्ट फोनवर सांगणार की मीच यायचं, आणि काही निघालं तर पुढचा उपचार इथेच होतो का दुसरीकडे पाठवणार. चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण टेस्ट झाली, काहीतरी निघालं, आणि पुढे कुठे जायचं हेच कळलं नाही म्हणून बाई घरी बसली, हे फार होतं, आणि टेस्ट न करण्याइतकंच ते वाया जातं.

एचआयव्ही आहे हे तिथे सांगायचं का, हा खरा अडणारा प्रश्न. माझं स्पष्ट मत आहे की जी डॉक्टर किंवा नर्स तपासणार तिला सांगा, कारण पुढची तारीख आणि उपचार दोन्ही त्यावर ठरतात, तिला माहीत नसेल तर ती तुम्हाला बाकीच्यांसारखी लांबची तारीख देऊन मोकळी होईल. पण केस पेपर काढायच्या खिडकीवर, रांगेत, दहा लोकांसमोर सांगायची काही गरज नाही. तिथे फक्त तपासणीला आलेय म्हणायचं, बाकीचं आत, दार लावल्यावर. आणि माझ्या पेपरच्या वरच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहू नका असं सांगायचाही तुम्हाला हक्क आहे.

टेस्ट तीन प्रकारच्या असतात

एचपीव्ही डीएनए टेस्ट सगळ्यात भरवशाची, मिळत असेल तर हीच मागा. यात व्हायरस आहे का आणि धोक्याच्या प्रकारातला आहे का ते कळतं. हिचा मोठा फायदा म्हणजे सॅम्पल तुम्ही स्वतः घेऊ शकता. लांब दांड्याचा मऊ ब्रश किंवा कापसाची काडी मिळते, ती योनीत काही इंच आत, अडल्यासारखं वाटेपर्यंत सरकवायची, चारपाच वेळा गोल फिरवायची, बाहेर काढून त्यांनी दिलेल्या नळीत टाकायची, झालं. किती फिरवायची आणि नळीत कशी ठेवायची हे प्रत्येक किटचं थोडं वेगळं असतं ते विचारून घ्या. पिशवीच्या तोंडापर्यंत बरोबर पोचली का याची काळजी नको, योनीतलं सॅम्पलही चालतं, आणि चांगल्या प्रतीच्या टेस्टमध्ये स्वतः घेतलेलं सॅम्पल डॉक्टरांनी घेतलेल्या सॅम्पलच्या जवळपास तोडीचं निघतं. ज्यांना तपासणीच्या टेबलावर झोपायचीच धास्ती आहे, किंवा आधी जबरदस्ती सहन केलीय आणि कुणी हात लावलेला नको वाटतो, त्यांच्यासाठी तर हा फार मोठा आधार आहे, आणि तरी त्याबद्दल विचारणाऱ्या बायका कमीच.

पॅप टेस्टमध्ये तोंडावरच्या पेशी ब्रशने घेऊन काचेवर किंवा द्रवात टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. चांगली लॅब असेल तर चांगली, लॅब कच्ची असेल तर रिपोर्टही कच्चा.

व्हीआयए म्हणजे व्हिनेगर लावून डोळ्यांनी बघणं. ३ ते ५ टक्क्यांचं ॲसिटिक ॲसिड लावतात, मिनिटभर थांबतात, बिघडलेल्या पेशींची जागा असेल तर ती पांढरी दिसायला लागते. रिपोर्ट तिथल्या तिथे मिळतो हा फायदा, पण बघणारीचा हात आणि नजर बसलेली पाहिजे. पाळी गेल्यावर ज्या भागात बदल होतात तो आत सरकतो, त्यामुळे वयस्कर बायकांसाठी ही टेस्ट तितकी योग्य नाही.

जायच्या आधी

पाळी चालू नसताना जा. आदले दोन दिवस योनीत ठेवायच्या गोळ्या, क्रीम, आत पाणी मारून धुणं, आणि संबंध, हे सगळं बंद. एआरटीची गोळी नेहमीच्या वेळी घ्यायचीच, तिचा याच्याशी काही संबंध नाही, उपाशीही राहायचं नाही. कपडे सैल घाला, लघवीला जाऊन घ्या. शेवटच्या पाळीची तारीख लिहून न्या, जुना रिपोर्ट असेल तर तोही. प्रेग्नंट असाल तर आधी सांगा, तपासणी करता येते पण काही निघालं तर उपचार सहसा बाळंतपणानंतर करतात. पाळी नसताना रक्त जातंय, तर मात्र रक्त थांबायची वाट बघायची नाही, लगेच जायचं, ते वेगळं प्रकरण आहे, खाली लिहिलंय.

टेबलावर काय होतं

हे जरा सविस्तर सांगते कारण भीती बहुतेक इथलीच असते. कमरेखालचे कपडे काढून वर चादर घेऊन पाठीवर झोपायचं, गुडघे वाकवून पाय बाजूला. मग स्पेक्युलम, चोचीसारखं दिसणारं प्लॅस्टिकचं किंवा स्टीलचं उपकरण, बंद अवस्थेत आत घालतात आणि हळूच उघडतात, उघडताना टिक असा आवाज येतो, स्टीलचं असेल तर गार लागतं. ताण येतो, दाब वाटतो, दुखायला नको. दुखत असेल तर दुखतंय म्हणायचं, छोट्या साइजचं असतं ते मागायचं. उघडल्यावर आत टॉर्चच्या उजेडात पिशवीचं तोंड दिसतं, गुलाबी, गोलसर, मधे बारीक भोक. ब्रश तिथे टेकवून फिरवतात तेव्हा आत काहीतरी खरवडल्यासारखं विचित्र वाटतं, दोनचार सेकंद. व्हीआयए असेल तर व्हिनेगरचा बोळा लावल्यावर थोडं चुरचुरतं आणि मग ते मिनिट जरा लांब वाटतं. सगळं मिळून पाच-दहा मिनिटांत तुम्ही उठता. श्वास सोडताना पार्श्वभाग टेबलाला टेकवून सैल सोडायचा, आवळून धरलं की जास्त दुखतं. मध्येच थांबा म्हणता येतं, बाई डॉक्टर मागता येते, सोबतीला मैत्रिणीला आत घ्या म्हणता येतं. घरी गेल्यावर एखादा दिवस रक्ताचा डाग दिसला तर घाबरू नका.

आणि कुणी एचआयव्हीचं कळल्यावर तोंड वाकडं केलं, तुसडेपणाने बोललं, तर तक्रार करा किंवा दुसरीकडे जा, पण तपासणी सोडू नका. त्यांच्या वागण्याची किंमत तुमच्या शरीराने कशाला मोजायची.

रिपोर्ट आला, आता

पहिलं म्हणजे रिपोर्ट आलाच नाही म्हणजे सगळं ठीक असं धरायचं नाही. जाऊन मागायचा, फोटो काढून ठेवायचा, आणि एआरटीच्या कार्डवर तारीख, टेस्टचं नाव, निकाल आणि पुढची तारीख लिहून घ्यायची. सॅम्पल अपुरं असं आलं असेल तर ते नॉर्मल नव्हे, टेस्ट परत द्यायची.

एचपीव्ही पॉझिटिव्ह आला की बायका रडायला लागतात, कारण पॉझिटिव्ह या शब्दाने एकदा आयुष्य उलटंपालटं केलेलं असतं. पण एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नाही. व्हायरस आहे, आता त्याने काही बिघडवलंय का ते बघायचंय, एवढाच त्याचा अर्थ. नवऱ्याने आत्ता बाहेर काही केलं असाही अर्थ होत नाही, व्हायरस किती जुना आहे हे सांगताच येत नाही, तेव्हा त्या रिपोर्टवरून घरात भांडण नको.

एचआयव्ही असलेल्या बायकांमध्ये एचपीव्ही पॉझिटिव्ह यायचं प्रमाण मुळातच जास्त, म्हणून पॉझिटिव्ह आल्यावर थेट उपचार न करता आधी दुसरी एक तपासणी करतात, म्हणजे पॅप किंवा व्हीआयए किंवा कॉल्पोस्कोपी, नाहीतर प्रकार १६-१८ चा आहे का ते बघतात. उगाच फेऱ्या मारायला लावतात असं वाटेल, पण विनाकारण उपचार टळावा म्हणूनच ते आहे. दुसरी तपासणी ठीक आली तर १२ महिन्यांनी परत एचपीव्ही. हे १२ महिने लक्षात ठेवा, एचआयव्ही नसलेल्या बाईला २ वर्षं चालतात, तुम्हाला नाही.

दुसरीत काही दिसलं तर कॉल्पोस्कोपी, म्हणजे बाहेर ठेवलेल्या दुर्बिणीसारख्या यंत्रातून मोठं करून बघतात, गरज वाटली तर तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा काढतात, ती बायॉप्सी. रिपोर्टवर सीआयएन १, २, ३ असं येतं, म्हणजे कॅन्सरपूर्व बदल किती आहेत त्याची पायरी. १ असेल तर बहुतेक वेळा नुसतं लक्ष ठेवतात, आपोआप जाऊ शकतं. २ आणि ३ ला उपचार करायचा. पॅपच्या रिपोर्टवर एलएसआयएल म्हणजे सौम्य बदल, एचएसआयएल म्हणजे जास्तीचे बदल, तिथे वेळ घालवायचा नाही.

उपचार, आणि त्यानंतरचं जे बायका विसरतात

थर्मल ॲब्लेशनमध्ये गरम टोकाने बिघडलेला भाग जाळतात, क्रायोमध्ये गोठवतात, आणि भाग मोठा असेल किंवा आत गेलेला असेल तर तारेच्या लूपने तेवढा तुकडा कापून काढतात, त्याला लीप किंवा एलएलईटीझेड म्हणतात. पहिले दोन ओपीडीतच होतात, लूपला जागेवर भूल देतात. पिशवी जागेवर राहते, पुढे मूलही होऊ शकतं, लूपने मोठा तुकडा काढला असेल तर पुढच्या गरोदरपणात लवकर डिलिव्हरीची शक्यता थोडी वाढते म्हणून तेव्हाच्या डॉक्टरला सांगायचं. सीआयएन निघालं आणि कुणी थेट पिशवीच काढून टाकू म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय हो म्हणू नका, कॅन्सरपूर्व बदलांसाठी तो पहिला उपचार नाही.

नंतर काही आठवडे पाण्यासारखा स्राव जातो, पॅड वापरा. साधारण महिनाभर संबंध नको, टॅम्पॉन नको. तिथे जखम असते, ती भरेपर्यंत इन्फेक्शन लागू शकतं आणि एचआयव्ही जोडीदाराला जायची शक्यताही वाढू शकते, अगदीच टाळता येत नसेल तर कंडोमशिवाय अजिबात नाही. ताप, घाण वास, गाठी पडून रक्त, पोटात जोरात दुखणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी परत जा.

आणि हे विसरू नका, उपचार झाला म्हणजे सुटलो असं नाही. एचआयव्ही असेल तर बदल परत यायची शक्यता जास्त, म्हणून १२ महिन्यांनी टेस्ट, ती निगेटिव्ह आली तर अजून १२ महिन्यांनी परत, आणि दोन्ही निगेटिव्ह आल्या तरच नेहमीच्या ३ ते ५ वर्षांच्या हिशोबावर जायचं. पहिल्या वर्षाला बऱ्याच जणी जातात, दुसऱ्या वर्षाची गळते.

कॅन्सरच निघाला तर तोही उपचाराचा आहे, ऑपरेशन, रेडिएशन, केमो, टप्प्याप्रमाणे, आणि एचआयव्ही आहे म्हणून कुणी उपचार नाकारू शकत नाही. त्या काळात एआरटी बंद करायची नाही, फक्त कॅन्सरच्या डॉक्टरांना गोळ्यांची नावं दाखवायची म्हणजे औषधं एकमेकांना आडवी येत नाहीत ना ते बघता येतं.

या तक्रारींसाठी तारखेची वाट नको

संबंधानंतर रक्त, दोन पाळ्यांच्या मधे रक्त, पाळी गेल्यावर परत रक्त, घाण वासाचं किंवा रक्तमिश्रित पाणी जाणं, कमरेत-ओटीपोटात न थांबणारं दुखणं. यातलं काही असेल तर सरळ डॉक्टर, मागच्या वर्षीची टेस्ट निगेटिव्ह असली तरी. अंगावरून जाणं हे बायकांचं असतंच म्हणून महिनोन्‌महिने अंगावर काढायचं नाही. आणि उलट बाजूने, काहीच त्रास नाही म्हणजे काही नाही असंही समजू नका, सुरुवातीला त्रास नसतोच.

लस, सिगारेट, कंडोम

एचपीव्हीची लस एचआयव्ही असलेल्या मुली-बायकांना चालते, तिच्यात जिवंत व्हायरस नसतो. बाकीच्या मुलींना आता एक-दोन डोस पुरतात असं म्हणतात, एचआयव्ही असेल तर निदान २ आणि शक्यतो ३ घ्या असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आधीच असलेला एचपीव्ही लसीने जात नाही, म्हणून सगळ्यात जास्त उपयोग संबंध सुरू व्हायच्या आधी, ९ ते १४ वयात. घरात त्या वयाची मुलगी असेल तर तिचंही विचारून या. तिला एचआयव्ही असेल तर डॉक्टरांना तसं सांगा म्हणजे डोस कमी पडणार नाहीत. सिगारेट ओढत असाल तर सोडा, त्याने एचपीव्ही टिकून राहतो. कंडोमने एचपीव्ही पूर्ण अडत नाही कारण न झाकलेल्या त्वचेवरूनही तो जातो, पण शक्यता कमी होते, आणि बाकीच्या कारणांसाठी तो वापरायचाच आहे.

तुमच्या सपोर्ट ग्रुपमध्ये कुणी म्हणाली की मी तर करून आले, तर तिला दोनच गोष्टी विचारा, रिपोर्ट हातात आला का, आणि पुढची तारीख काय दिलीय. दुसऱ्याचं उत्तर माहीत नाही असं आलं तर तिला त्याच आठवड्यात परत पाठवा.